पावणेनऊची सेलू

जिंतूरच्या स्टँडवर मी वेळ सांगतो.
तेवीस वर्षं झाली.
सव्वासहाची परभणी, पावणेनऊची सेलू,
दीडची औंढा, आणि ती चारठाण्याची मुक्कामी
जिचं पाटीवर नुसतं नाव आहे, टाइम नाही.
माइकवर दोन टिचक्या, एक फुंकर, मग बोलायचं.

राजनंदिनी यंदा सहावीत.
तिच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक पोरगा आहे,
चापून भांग पाडलेला.
तो रोज सहाला गेट अप करतो,
ब्रश करतो, बाथ घेतो, ब्रेकफास्ट करतो,
त्याच्याकडचं नळाचं पाणी एकदाही गेलेलं नसतं.
वेक अप वेगळं, गेट अप वेगळं, ती मला समजावते:
डोळे उघडले ते वेक अप,
अंथरूण सोडलं ते गेट अप.
मग दोन्हीच्या मधे काय?
"मधे मम्मी वरडती."

घड्याळापाशी मात्र मीच अडलो.
साडेआठ म्हणजे हाफ पास्ट एट.
ठीक.
पावणेनऊ म्हणजे क्वार्टर टू नाइन.
"पप्पा, आपल्यात पावणे कामून म्हणतेत?
नऊ जण येणारेत का?"
पाव कमी ते पावणे, एवढंच मला माहीत.
पण दुसऱ्या दिवशी सेलू लागली तेव्हा
मी खिडकीतून चढणारे मोजले.
नऊच होते.
एकाच्या काखेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

दीडला तिकडं स्वतःचं नाव नाही, अडीचलाही नाही,
एकाच्या नाहीतर दोनाच्या नावावर दिवस काढतात.
आणि परवा?
होऊन गेलेला की येणारा, आधी ते ठरवा,
असं बाई म्हणाल्या म्हणे,
मग तीन-तीन शब्द जोडा.
मला माझीच खिडकी आठवली.
परवापासून बंद आहे ती गाडी, मी सांगतो,
आणि कुठल्या परवापासून
हे आजवर कुणी विचारलं नाही.

मंगळवारी तिची वही चाळली.
माय डेली रुटीन. रिकाम्या जागा भरा.
माय मदर कुक्स ॲट सेव्हन.
माय ब्रदर प्लेज ॲट फाइव्ह.
माय फादर कम्स होम ॲट
आणि इथं छापलेलं ॲट तिनं खोडलेलं.
पुढं शिसपेन्सिलीनं, कागद दबेल इतका जोर लावून,
लेट.
शेजारी बाईंची लाल, बरोबरची खूण.

हा शब्द मला येतो.
मला हाच सगळ्यात चांगला येतो.
पाथरी लेट, हिंगोली लेट,
टायर बसला, लेट, ड्रायव्हर आला नाही, लेट,
आणि शेवटी गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,
सवयीनं,
कुणाच्या तोंडाकडं न बघता.

वही मिटली. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,
फेव्हरेट सब्जेक्ट कोणता गं?
मला वाटलं ड्रॉइंग म्हणेल.
"जॉग्रफी."
स्पेलिंग तीनदा चुकली.
ईच्या पुढं ओ कशाला, हे तिला पटतच नाही.
गणित नाही, सायन्स नाही, जॉग्रफी कामून?
"तुम्ही गावं म्हणता ना.
मधल्या सुट्टीत शाळेत ऐकू येतेत.
बोरी, मंठा, जालना.
मी पोरींला सांगते, आता येलदरी म्हणतील,
अन् तुम्ही म्हणता."

शाळेची भिंत फलाटाच्या मागंच आहे.
तेवीस वर्षांत मी तिच्याकडं पाठ करून बसलो,
खुर्चीच तशी ठेवलेली.

काल संध्याकाळी माइक हातात होता,
डोक्यात काय होतं कोण जाणे.
प्रवाशांनी लक्ष द्यावे,
फलाट क्रमांक दोनवरून सेलूकडे जाणारी
हाफ पास्ट फाइव्हची गाडी...
स्टँडवर जरा शांतता झाली.
रसवाल्यानं चरक थांबवला.
गठुडं काखेत धरून एक म्हातारी खिडकीशी आली.
"कव्हाची म्हनलास रे बाप्पा?"
साडेपाचची, मावशी.
"मंग तसं म्हन की."

गाडी लागली
पावणेसहाला.